कवळाण्याचा गोपाळ आणि ‘राज्य करायला आलोय’ ही गोष्ट

मंडळी, आज आम्ही एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत. सयाजीराव महाराजांबद्दल नव्हे, त्यांच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीबद्दल. सयाजीरावांवर नाशिकमध्ये बोलायचे म्हणजे घरच्याच माणसाबद्दल बोलण्यासारखे आहे, आणि घरच्या माणसाबद्दल आपण जरा सैल बोलतो. ती सैल गाठ आज थोडी आवळून बघू.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. मालेगाव तालुक्यातले कवळाणे गाव, तिथले काशीराव गायकवाड, शेती करणारे घर. बडोद्याच्या राजघराण्याची ही दूरची शाखा, इतकी दूरची की गादीचा विचार कुणाच्या मनातही येऊ नये. १८७५ साली बडोद्याची गादी रिकामी झाली, दत्तकासाठी मुलगा शोधणे सुरू झाले आणि घराण्यातली काही मुले बडोद्याला नेली. तिथे त्यांना एकेक करून विचारले, “तुला इथे कशाला आणलंय, ठाऊक आहे का?” एक म्हणाला, माहीत नाही. दुसरा म्हणाला, बडोदे बघायला आणलंय. तिसरा, बारा वर्षांचा गोपाळ, ताठ मानेने म्हणाला, “मी राज्य करायला आलोय.” झाले, निवड झाली. गुरे राखणारा पोर महाराजा झाला.

आम्हीही ही गोष्ट सांगितली आहे. एकदा नाही, पंचवीस-तीस वेळा तरी. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. दर वेळी त्या शेवटच्या वाक्याला टाळ्या मिळाल्या. नंतर एका शाळेत एका मुलीने उभे राहून विचारले, “मग ज्यांचं उत्तर चुकलं, त्यांचं काय झालं?” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आजचे भाषण त्या वेळ मारून नेण्याचे प्रायश्चित्त आहे असे समजा.

पहिली गोष्ट म्हणजे तपशील. ही कथा सांगणारे लोक मुलांची मोजदाददेखील एकसारखी करत नाहीत. कुणी म्हणते तिघे सख्खे भाऊ, कुणी म्हणते दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ. बाकीच्यांची उत्तरेही सांगणाऱ्यागणिक बदलतात. एक वाक्य मात्र कधी बदलत नाही, गोपाळरावाचे. लोककथेत असेच असते, बघा. धाकटा राजपुत्र, तीन प्रश्न, तीन उत्तरे. आम्ही असे म्हणत नाही की तो मुलगा तसे बोललाच नाही. बारा वर्षांचा हुशार पोरगा, घरात महिनाभर तीच चर्चा चाललेली, तो बोलला असेलही. पण त्या उत्तरामुळे तो राजा झाला, हे म्हणणे वेगळे. आमचा वाद त्या ‘मुळे’शी आहे.

आता गोष्टीच्या मागचा काळ बघू, कारण गोष्ट त्याला सोयीस्करपणे वगळते.

नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले. त्यांची राणी जमनाबाई, मूळची रहिमतपूरच्या मान्यांची लेक, तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला तर तो गादीवर, नाहीतर खंडेरावांचे भाऊ मल्हारराव, असे ठरले. म्हणजे बडोद्याच्या गादीचा दावेदार तेव्हा जन्मलाही नव्हता. १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई. मल्हाररावांची गादी पक्की झाली आणि विशीही न ओलांडलेली जमनाबाई जिवाच्या भीतीने पुण्याला येऊन राहिली.

मल्हाररावांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी वाढत गेल्या. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचे हाडवैर झाले. दादाभाई नौरोजी काही काळ दिवाण होते, त्यांनी घडी बसवायचा प्रयत्न केला, पण एका बाजूला महाराज आणि दुसऱ्या बाजूला रेसिडेंट अशा कात्रीत ते सापडले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी फेअरच्या सरबतात विष सापडले, सोमल आणि हिऱ्याची पूड. जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन नेमले गेले. मुख्य न्यायाधीश काउच, मीड आणि मेल्व्हिल हे तीन इंग्रज, आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व सर दिनकरराव हे तीन हिंदी. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला. निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रजांनी दोषी म्हटले, बाकीच्यांनी आरोप सिद्ध झाला नाही म्हटले.

मग सरकारने काय करावे? एप्रिल १८७५ मध्ये जाहीरनामा काढून मल्हाररावांना पदच्युत केले, पण विषप्रयोगासाठी नव्हे. गैरवर्तन, कुशासन आणि सुधारणा करण्याची असमर्थता, ही कारणे दिली. खटला एका आरोपाचा, शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी. शिवाय मल्हाररावांच्या संततीचाही गादीवरचा हक्क कायमचा काढून टाकला. महाराजांना मद्रासला नेऊन ठेवले, तिथेच १८८२ मध्ये ते वारले.

त्या जाहीरनाम्यातली मुख्य मेख आता सांगतो. १८५७ मध्ये खंडेरावांनी दाखवलेल्या राजनिष्ठेची आठवण ठेवून त्यांच्या विधवेला दत्तक घेण्याची परवानगी दिली जात आहे, आणि गायकवाड घराण्यातला जो मुलगा हिंदुस्थान सरकार सर्वांत योग्य म्हणून निवडेल, तो तिने दत्तक घ्यावा, असा त्याचा आशय आहे. क्रियापदे दोन आहेत. घेणार जमनाबाई, निवडणार सरकार. मुलाच्या उत्तराला या वाक्यात कुठेच जागा नाही. सरकारला असा मुलगा हवा होता की ज्याचे वय शिकवण्याजोगे आहे, ज्याच्यामागे दरबारातला कुठलाही गट नाही आणि ज्याचे आईबाप बडोद्यात वजन ठेवून नाहीत. कवळाण्याचा मुलगा त्या मापात बसत होता. आम्हाला असे वाटते की त्याचा खेडवळपणा हाच त्याचा खरा अधिकार ठरला. गोष्ट म्हणते, खेड्यातला असूनही निवडला. कागद वाचला की वाटते, खेड्यातला होता म्हणूनच निवडला.

आणि हे सगळे वीस-एकवीस वर्षे आधी घडले असते तर? आपल्या शेजारचेच उदाहरण. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये पारोळ्याच्या नेवाळकरांचा एक पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तोच दामोदरराव. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि झाशी खालसा झाली. सातारा १८४८ मध्ये तसाच गेला होता, नागपूर १८५४ मध्ये गेले. त्या मुलाने कितीही बाणेदार उत्तर दिले असते तरी उपयोग नव्हता. १८५७ नंतर सरकारचे धोरण उलटले, संस्थाने ठेवायची पण कह्यात ठेवायची असे ठरले, दत्तकाच्या सनदा मिळाल्या, आणि खानदेशाकडचाच दुसरा एक पोर गादीवर बसला. खानदेशाकडचाच म्हणतो, कारण गोपाळराव ११ मार्च १८६३ रोजी जन्मला तेव्हा नाशिक जिल्हाच नव्हता. तो झाला १८६९ मध्ये, आणि मालेगाव तोवर खानदेशात होते. आपण नाशिककर त्यांच्यावर हक्क सांगतो तो जरा मागून मिळालेला आहे.

२७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. गोपाळराव काशीराव याचा सयाजीराव खंडेराव झाला. या मुलाला दुसरे नाव, दुसरा बाप आणि दुसरी आई एकाच दिवशी मिळाली. आणि ही दुसरी आई त्याच्यापेक्षा फार तर दहाएक वर्षांनी मोठी. पुढे १८७७ च्या दिल्ली दरबारात त्याला किताब मिळाला, ‘फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया’, म्हणजे इंग्रज सरकारचा खास लाडका पुत्र. किताब घराण्यासाठी होता हे खरे, पण तेरा वर्षांच्या मुलाला तो वाचून दाखवला तेव्हा त्याला आपले बाप किती, हा प्रश्न पडला असेल का? चरित्रकार इथे थांबत नाहीत. ते दरबाराच्या झगमगाटाकडे जातात.

आता थोडे दूर जाऊ या. त्याच १८६३ साली जपानमध्ये एक मुलगा जन्मला, तायासु कामेनोसुके. टोकुगावा घराण्याने अडीचशेच्या वर वर्षे जपानवर सत्ता गाजवली होती. १८६७-६८ मध्ये ती कोसळली, शेवटचा शोगुन बाजूला झाला, आणि घराण्याचा प्रमुख म्हणून या पाच वर्षेही पुरी न झालेल्या मुलाला पुढे केले. नाव बदलले, टोकुगावा इएसातो झाले. त्याला सुनपु म्हणजे आजच्या शिझुओकाचे सात लाख कोकूचे संस्थान दिले. कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. कारभार अर्थात कात्सु काइशूसारखे मोठे लोक बघत होते. मुलाचे काम एकच, तिथे असणे. तो गादीवर आहे म्हणजे घराणे संपलेले नाही, आणि तो लहान आहे म्हणजे घराणे धोक्याचे नाही. १८७१ मध्ये जपानने सगळी संस्थानेच रद्द केली. आठ वर्षांचा संस्थानिक माजी झाला, पुढे इंग्लंडमध्ये ईटनला शिकला आणि १९०३ पासून तीस वर्षे जपानच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता.

हे सांगण्याचे कारण एवढेच की उलथापालथीच्या काळात लहान मुलाला गादीवर बसवणे ही काही बडोद्याची विशेष घटना नाही. जुनी सत्ता आणि नवी सत्ता यांच्यामध्ये ठेवायला लहान मूल फार सोयीचे असते. इएसातोबद्दल कुणी म्हणत नाही की चार वर्षांचा असताना त्याने बाणेदार उत्तर दिले. तिथे सगळ्यांना माहीत आहे की त्याला बसवले. आपण मात्र आपल्या मुलाच्या तोंडी उत्तर घालून बसवणाऱ्यांचे हात झाकून टाकले.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. गोष्ट चांगली आहे, मुलांना हुरूप येतो. बिघडते काय ते कळायला कोल्हापूरला जावे लागते.

कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. वय फक्त वीस. १८७१ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांचा नारायणराव हा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला, हेच चौथे शिवाजी महाराज. वयाने आपल्या गोपाळरावाच्या बरोबरीचे. व्यवस्था तीच: दत्तक, नवे नाव, इंग्रज शिक्षक, देखरेख, दिवाण. पण हा मुलगा वयात येता येता त्याच्या मनाचा तोल गेला असे जाहीर झाले. तो वेडा होता, की वेडा ठरवला गेला, की आधी बरा होता आणि मग कोंडून, मारून तसा केला गेला, यावर तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर मजकूर छापला, अब्रुनुकसानीचा खटला झाला, पुराव्याची पत्रे खोटी निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले ते तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यात विनोद आहे, उमेद आहे, पुढच्या कॉलेजची स्वप्ने आहेत. पण ज्याच्यासाठी ते दोघे आत गेले तो विशीतला मुलगा? त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन तो मेला. नाताळचा दिवस होता.

दोन मुले, एकाच वयाची, एकाच व्यवस्थेत टाकलेली. एकाचे चित्र शाळेच्या भिंतीवर लागते, दुसऱ्याचे नावही टिळकचरित्राच्या एका प्रकरणापुरतेच येते. आता ती गोष्ट परत आठवा. ‘राज्य करायला आलोय’ म्हणणारा मुलगा जन्मजात राजा होता, असे ती सांगते. मग ओघानेच दुसरे येते, की कोल्हापूरच्या मुलात राजाचा अंश नव्हता. आम्ही टाळ्या घेत होतो तेव्हा हे दुसरे वाक्य आमच्या लक्षात आले नव्हते. दोष मुलाच्या गळ्यात जातो आणि व्यवस्था मोकळी सुटते. बडोद्याला जमले ते गोपाळच्या उत्तरामुळे नव्हे. तिथे एलियटसारखा शिक्षक मिळाला, जमनाबाई जागी होती, दिवाण माणूस होता, आणि नशीबही होते. यातले एखादे घसरले असते तर काय झाले असते ते नगरच्या किल्ल्यात दिसते.

एलियटबद्दल दोन शब्द. एफ. ए. एच. एलियट हा सनदी नोकरीतला तरुण अधिकारी महाराजांचा शिक्षक म्हणून आला. मुलाला अक्षरओळख जवळजवळ नव्हती. नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून होते, आणि त्याच्या पस्तीस वर्षांनंतर, जुन्या घराण्याचा वारसा सांगणाऱ्या घरातला बारा वर्षांचा मुलगा निरक्षरासारखा होता, हे जरा लक्षात ठेवा. त्याला मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकायच्या होत्या. बारा वर्षांच्या मुलाला पाटीवर अ आ इ गिरवायला लावणे हा अपमान असतो, तो गरिबाच्या घरी असो की राजवाड्यात. एलियटने बरोबरीची काही मुले गोळा करून वर्गच काढला, हे त्याने फार शहाणपणाचे केले. महाराजांनी पुढे त्याला जन्मभर मान दिला.

आता दिवाण. राजा सर टी. माधवराव. कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घरातले. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ मध्ये बडोद्याला आले. महाराजांना राज्याधिकार मिळायचे होते २८ डिसेंबर १८८१ रोजी. त्याआधी त्यांनी आणि इतर अधिकाऱ्यांनी महाराजांपुढे व्याख्याने दिली. माधवरावांची व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली, नाव ‘मायनर हिंट्स’. इंग्रजीत मायनर म्हणजे अल्पवयीन आणि मायनर म्हणजे किरकोळही. किरकोळ सूचना म्हणा की अल्पवयीनासाठी सूचना. नावातच नम्रता आणि खोच दोन्ही आहेत. व्याख्यानमाला ऐकणाऱ्यांनी तरी हे पुस्तक वाचायलाच हवे, कारण एकाच श्रोत्यासाठी चाललेली ही व्याख्यानमाला आहे. आणि त्या श्रोत्याला उठून जाण्याची सोय नव्हती!

पुस्तकात आहे काय? आमच्या वाचनात ते एका शब्दाभोवती फिरते, मर्यादा. प्रजा राजासाठी नसते, राजा प्रजेच्या सुखासाठी असतो. तिजोरीतला पैसा राजाचा खासगी नव्हे. वाड्याच्या खर्चाला ठरलेली हद्द हवी. न्यायालयाच्या कामात हात घालू नये. चांगली माणसे निवडावी आणि मग त्यांना काम करू द्यावे, सगळे आपणच करायला जाऊ नये. कानाशी लागणाऱ्यांपासून जपावे. आणि इंग्रज सरकारशी वागताना हक्क सोडू नये, पण भांडण उकरून काढू नये. म्हणजे बघा, ‘मी राज्य करायला आलोय’ म्हणणाऱ्या मुलाला सहा वर्षांनी सांगितले जाते आहे की राज्य करणे म्हणजे बऱ्याच गोष्टी न करणे.

आम्हाला हे पुस्तक आवडते. त्या काळात, हिंदी माणसाने हिंदी राजाला, मनमानीला आळा घालणारे राज्य कसे असते हे इतक्या स्वच्छपणे सांगितलेले दुसरे पुस्तक चटकन आठवत नाही. पण आवडते म्हणून त्याच्यातली उणीव झाकायची नाही. पहिली अशी की पुस्तकभर मल्हाररावांची सावली आहे. काय करू नये याची यादी वाचताना मागे जळलेले घर दिसत राहते. आणि ते घर जळण्यात रेसिडेंटचा वाटा किती होता याबद्दल दिवाण हात राखून बोलतात. ते समजण्यासारखे आहे, नेमणूक सरकारच्या मर्जीची होती. दुसरी उणीव जास्त मोठी वाटते. हे एकाच बाजूचे बोलणे आहे. अठरा वर्षांचा श्रोता काय म्हणाला, कुठे अडला, कशाला हसला, काही नाही. माधवरावांचा राजा हा एक पद आहे, त्याच्यात कवळाण्याचा कुणी राहत नाही.

इथे नाशिकची एक जुनी आठवण येते. पेशवाईतही एक बालराजा होता. सवाई माधवराव, नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेला आणि अवघ्या चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रे मिळालेला. त्याची आजी गोपिकाबाई शेवटची वर्षे इथे, आपल्या गंगापूर-पंचवटीकडे राहिली. तिने त्या मुलाला दिवसभर कसे वागावे याचा उपदेश लिहून पाठवला होता. तोही मर्यादेचाच उपदेश, पण तो स्नानाचा, जेवणाचा, बसण्याउठण्याचा आहे, माधवरावांचा खर्चपत्रकाचा. आजी मुलाला सांभाळायला बघते, दिवाण संस्थान सांभाळायला. सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यातून पडून गेला, तेव्हा नुसता उपदेश चांगला असून भागत नाही हेही त्याच कथेत आहे.

तर मग मुलाचा आवाज ऐकायचा कुठे? आमचे म्हणणे असे की तो १८७५ च्या त्या खोलीत शोधू नये. तो नंतरच्या कामांत ऐकू येतो. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. सक्तीचे आणि मोफत. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांचे तसले विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, हे जोडून बघा. चरित्रकार याला दूरदृष्टी म्हणतात. असेल. आम्हाला त्यात आठवण दिसते. बाराव्या वर्षी पाटी हातात घेतलेल्या माणसाला माहीत असते की मुलांना शाळेत कधी घालायला हवे होते. हा आमचा अंदाज आहे, महाराजांनी तसे लिहून ठेवले आहे असा आमचा दावा नाही. पण त्या बाणेदार उत्तरापेक्षा हा अंदाज आम्हाला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्याच्यामागे शाळा आहेत.

आणि मर्यादेचा धडा? तो त्यांनी दोन्ही अर्थांनी शिकला. कारभार खात्यांनी आणि नियमांनी चालवला, इतका की कागदाच्या ओझ्याने स्वतःची झोप उडवली आणि प्रकृतीसाठी वारंवार युरोप गाठावे लागले. सगळे आपणच करू नये, हा माधवरावांचा धडा काही त्यांच्या अंगी लागला नाही असे दिसते. दुसऱ्या बाजूने, १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे मुजरा केला तो अगदी थोडक्यात, आणि पाठ फिरवून चालू लागले. त्यावर विलायतेपर्यंत गदारोळ झाला, त्यांना खुलासा करावा लागला. तो अनवधानाने झालेला प्रमाद होता की जाणून केलेला, यावर अजून लिहिले जाते. आम्ही त्यात पडत नाही. फक्त ‘खास लाडका पुत्र’ हा किताब घेतलेला तेरा वर्षांचा मुलगा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, एवढे नोंदवतो.

मराठीत महाराजांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दाजी नागेश आपट्यांचे मोठे चरित्र आहे. अलीकडे बाबा भांडांनी चरित्र लिहिले, कादंबरी लिहिली, महाराजांची साधने लोकांसमोर आणण्यासाठी आयुष्याची वर्षे घातली. पणतू फत्तेसिंहरावांचे इंग्रजी चरित्र आहे. या लोकांचे ऋण मानूनच आम्ही बोलतो. आमची तक्रार ग्रंथांशी कमी आणि आमच्यासारख्या भाषणवाल्यांशी जास्त आहे. शेकडो पानांच्या चरित्रातून आम्ही नेमके ते एक वाक्य उचलतो, कारण टाळी तिथे आहे. आणि समोर बसलेल्या दोनशे मुलांना नकळत सांगतो की एकाच मुलाचे उत्तर बरोबर असते.

आता त्या मुलीचा प्रश्न. ज्यांचे उत्तर चुकले त्यांचे काय झाले? सगळ्यांचे सांगता येणार नाही, पण एकाचे सांगतो. गोपाळरावाचा धाकटा भाऊ संपतराव, १८६५ चा. गोष्टीत तो बिचारा फक्त चुकीचे उत्तर द्यायला येतो. तोही बडोद्यात शिकला, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. त्याला पुस्तकांचा नाद होता. हजारो पुस्तके त्याने जमवली आणि तो सगळा संग्रह बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. त्या ग्रंथालयाची सुरुवात त्या पुस्तकांवर झाली, आणि तिथून पुढे गावोगाव पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती वाचनालये निघाली. बडोदे बघायला आलोय असे तो खरेच म्हणाला असेल, तर त्याने ते चांगले बघितले म्हणायचे.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. हे भाषण लेखी निघाल्यावर तिच्या शाळेकडे पाठवायचे आम्ही ठरवले आहे, त्या बाईंनी पत्ता काढून ठेवतो म्हटले आहे. बरं, वेळ झाली. मागच्या रांगेतून कुणाचा तरी हात मघापासून वर आहे, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.